तिन्ही बरण्यांत अळ्या! "जिवापासूनच जीव" हे घरी तपासायचं कसं?

कैरीची_फोड (पुणे)

मदत हवी आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

मागच्या महिन्यात मुगाचा डबा उघडला तर आत भुंगे फिरत होते. डबा घट्ट झाकणाचा, मूग मी स्वतः निवडून भरलेले. सासूबाई म्हणाल्या, "पावसाळी हवेनं आपोआप पडतात गं. दमट झालं की पडलेच." मुलगा आठवीत आहे. तो लगेच म्हणाला, "आजी, आपोआप काही होत नाही. जिवापासूनच जीव होतो." मी विचारलं, "तुला कसं माहीत?" तर म्हणे, "पुस्तकात आहे."

या उत्तराने मी अस्वस्थ झाले. सासूबाई निदान चाळीस वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होत्या. हा छापील वाक्य सांगत होता. बरोबर हाच होता, पण का बरोबर ते त्याला सांगता येत नव्हतं. मलाही नाही.

मग शोधाशोध करून रेडीचा प्रयोग घरी करायचा ठरवला. फ्रान्चेस्को रेडी हा इटलीत फ्लॉरेन्सच्या दरबारी वैद्य. सडक्या मांसात अळ्या आपोआप होतात असं तेव्हा सगळे मानत. याने १६६८ साली उघडी आणि बंद भांडी शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की माशा बसल्या तरच अळ्या होतात. आमच्या घरात मांस ठेवणं शक्य नाही, म्हणून केळी घेतली. मोरंब्याच्या तीन बरण्या. एक उघडी, एकीला जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा बांधला, एकीला फिरकीचं झाकण. प्रत्येकीत अर्धं पिकलेलं केळं. बरण्या गॅलरीत.

पाचव्या दिवशी उघड्या बरणीत अळ्याच अळ्या, मोजता येईनात. मलमलच्या बरणीत नऊ. झाकणाच्या बरणीत तीन.

मुलाचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने म्हणाला, "आई, दोन नंबरच्या बरणीत आणि तीन नंबरच्या बरणीत शून्य लिहूया. उत्तर तर माहीतच आहे ना." मी त्याला रागावले नाही, पण लिहूही दिलं नाही. वही तशीच उघडी आहे. त्याला काय सांगू? आणि या अळ्या आल्या कुठून?

प्रयोगवही

ताई, शून्य लिहू दिलं नाहीत याबद्दल तुम्हाला मनापासून धन्यवाद. मी सव्वीस वर्षं माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवतोय. मुलांच्या प्रयोगवह्यांत उत्तर माहीत असल्यामुळे भरलेले आकडे इतके पाहिलेत की ही ओळ वाचून पोटात कालवलं. चूक मुलांची नाही. आम्ही निरीक्षणाला गुण देत नाही, पुस्तकाशी जुळण्याला देतो. तुमच्या मुलाच्या वहीत "९" आणि "३" हे आकडे ठळक राहू देत. आत्ता तुमच्या घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे.

आता रेडीकडे. त्याने काय काय केलं ते बारकाईने बघा. साप, नदीतले मासे, आर्नो नदीतल्या वाम आणि कोवळ्या वासराचं मांस अशा चार गोष्टी चार बाटल्यांत घालून त्याने तोंडं कागदाने बंद केली. तशाच चार बाटल्या उघड्या ठेवल्या. उघड्यांत अळ्या झाल्या, बंद असलेल्यांत नाहीत. पण त्याने स्वतःच शंका काढली की बंद बाटलीत हवाच जात नाही, कदाचित म्हणून अळी होत नसेल. मग त्याने तोंडाला नेपल्सचं झिरझिरीत कापड बांधलं. हवा जाईल, माशी जाणार नाही. आत अळ्या झाल्या नाहीत, मात्र माशा त्या कापडावर येऊन बसत राहिल्या. तुमची मलमलची बरणी म्हणजे रेडीची ही दुसरी पायरी आहे.

मग फरक कुठे पडला? एक प्रश्न विचारतो: केळी बरणीत जाण्याआधी कुठे होती?

कैरीची_फोड

ओट्यावर टोपलीत. दोन दिवस. उघडी.

अरे देवा.

प्रयोगवही

सुचलं ना? पण लगेच "हेच कारण" असं म्हणू नका. आत्ता तुमच्यापुढे तीन शक्यता आहेत. अंडी आधीच सालीवर होती, मलमलच्या विणीतून चिलटं आत गेली, किंवा सासूबाई म्हणतात तसं केळं सडून अळ्या आपोआप झाल्या. पहिल्या प्रयोगातून यातली एकही बाद होत नाही. मुलाला एवढंच विचारा: असा कोणता प्रयोग केला तर या तिघींची उत्तरं वेगवेगळी निघतील? त्याला दोन दिवस द्या. तुम्ही सांगू नका.

दूरदेशी

मी जर्मनीत फळमाशीवरच संशोधन करते, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही. तुमच्या बरणीतली ती केळ्यावरची चिलटं म्हणजे बहुधा आमचीच ड्रोसोफिला. तिचं अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, पांढुरकं, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक. एका टोकाला दोन तंतू असतात. अंडं ओल्या गरात रुतलं तरी श्वासाला त्यांचा उपयोग होतो. साध्या डोळ्यांनी केळ्यावर ते दिसणं जवळजवळ अशक्य. साधारण २५ अंश तापमानात एका दिवसात अंड्यातून अळी निघते आणि दहाएक दिवसांत पूर्ण माशी. एकेक मादी आयुष्यात काहीशे अंडी घालते. टॉमस हंट मॉर्गनने १९१० साली न्यूयॉर्कमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा नर हेरला आणि जनुकं गुणसूत्रांवर असतात हे ज्याच्यावरून उलगडत गेलं तो प्राणी हाच. तुमच्या गॅलरीत फुकट आलाय.

कापडाबद्दल एक सूचना. दुहेरी घ्या, ताणून बांधा आणि केळं कापडाला टेकू देऊ नका. ओल्या कापडावर बसून माशी अंडी घालू शकते, आणि अळी विणीतून खाली उतरू शकते.

समुद्रकाठ

आमची राजापूरकडे हापूसची कलमं आहेत. "आपोआप" या शब्दाने आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फसवलंय, म्हणून लिहितो.

आंबा बाहेरून अगदी निर्मळ असतो. डाग नाही, भोक नाही. कापल्यावर कोयीत किडा. लहानपणी आजोबा म्हणायचे, गाभ्यात उष्णता धरली की होतो. खरी गोष्ट अशी की कोयकिड्याची मादी अंडं घालते तेव्हा फळ लहान असतं. ती सालीला जरासं कोरून त्यात अंडं ठेवते. चीक येऊन तो ओरखडा बुजतो, अळी कोवळ्या कोयीत शिरते, आणि पुढे फळ वाढेल तशी तिची वाटही भरून येते. आंबा हातात येईपर्यंत कसलीच खूण उरत नाही. आजोबा खोटं बोलत नव्हते. त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं, फक्त ते दोन महिने उशिरा पाहिलं.

तांदळातल्या सोंड्याचंही असंच. मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून चिकट स्रावाने बूच लावते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोष करते. बाहेर येतो तो थेट किडा. डबा भरला त्या दिवशी दाणे स्वच्छच दिसतात.

प्रयोगवही

समुद्रकाठ, फार सुंदर. यात उंबर घालतो. उंबर फोडलं की केंबरं उडतात हे खेड्यातल्या प्रत्येकाने पाहिलंय. "उंबराचं फूल" म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट, असं आपण म्हणतो. ते दिसत नाही कारण फुलं फळाच्या आत असतात. आपण ज्याला फळ म्हणतो तो आतल्या बाजूला वळलेला फुलोरा. टोकाच्या बारीक छिद्रातून मादी आत शिरते, शिरताना बहुधा पंख गमावते, आत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं मोठी होऊन परागकण घेऊन बाहेर पडतात.

आणि रेडी इथेच चुकला होता. झाडांवर ज्या गाठी येतात त्यांतले किडे झाडच निर्माण करतं, असं त्याला वाटे. मांसाबद्दल इतका काटेकोर राहिलेला माणूस गाठींपाशी अडला. पुढे इटलीतल्याच मार्चेल्लो माल्पिगी या वैद्याने दाखवलं की कीटकाने अंडं घातल्यावर ती गाठ धरते. वर्गात मी हे आवर्जून सांगतो, म्हणजे मुलांना रेडीच्या मोठेपणापेक्षा त्याची रीत लक्षात राहते.

अनुस्वार

शब्दांबद्दल बोलायचं आहे, कारण घोळ तिथेही आहे. "गृहीतक" म्हटलं की मुलांना वाटतं, हे गृहीत धरायचं, म्हणजे मानायचं. पण प्रयोगात ते मानायचं नसतं, पणाला लावायचं असतं. संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत "गृहीतकृत्य" असतं, काही ठिकाणी "परिकल्पना". मी माझ्या भाचीला साधं "अटकळ" सांगते. अटकळ चुकू शकते हे कानालाच कळतं.

"सिद्धांत"चंही तसंच. सिद्ध झालं, विषय संपला, असा त्याचा सूर लागतो. पण पेशी सिद्धांत बघा. श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये मांडला की सगळे सजीव पेशींचे बनलेत. नव्या पेशी मात्र द्रवातून स्फटिकासारख्या तयार होतात असं ते समजत. रुडॉल्फ फिरखोने १८५५ साली ठासून सांगितलं की पेशी पेशीपासूनच होते. सिद्धांत टाकून द्यावा लागला नाही, त्यातला एक वासा बदलावा लागला.

विहीर

मी विज्ञान शिकलेलो नाही, शंका प्रामाणिक आहे. समजा तुम्ही केळं उकडून, अंडी मारून बरणीत ठेवलं आणि अळी झाली नाही. तरी मी म्हणू शकतो की उकडल्यामुळे केळ्यातली अळी तयार करायची शक्तीच गेली. मग?

प्रयोगवही

तुमची ही शंका नीडहॅम नावाच्या माणसाने अठराव्या शतकात काढली होती. त्याने मटणाचा रस्सा तापवून बुचं मारून ठेवला, तरी त्यात जीवजंतू आले. म्हणाला, आपोआप होतात. इटलीतल्या स्पालान्झानी या शास्त्रज्ञाने तसाच रस्सा जास्त वेळ उकळला आणि काच वितळवून तोंडं बंद केली. काही आलं नाही. त्यावर नीडहॅमचं उत्तर तुमचंच: इतकं उकळून तू जीवनशक्ती मारलीस, आतली हवाही बिघडवलीस. त्या दोघांच्या हयातीत हा वाद मिटला नाही, कारण मिटवेल अशी बरणी कोणी मांडलीच नव्हती.

ताईंच्या मुलाला ती सुचते का बघूया.

कैरीची_फोड

सुचली! शब्दशः त्याचं वाक्य लिहिते: "उकडलेलं केळं उघडं पण ठेवायचं. त्यात अळ्या झाल्या तर उकडलेलं केळं अळ्यांना चालतं, हे कळेल."

विहीर यांची शंका मी त्याला वाचून दाखवली होती. एवढंच केलं.

नऊ बरण्या जमवल्या, शेजारच्यांकडूनही आणल्या. सगळ्या उकळत्या पाण्यातून काढल्या. केळी एकाच फण्यातली. सगळी दोन दिवस टोपलीत उघडी ठेवली, मुद्दाम. मग तीन गट केले. "क" म्हणजे उकडलेलं केळं, बरणी उघडी. "ख" म्हणजे उकडलेलं केळं, गरम असतानाच दुहेरी मलमल. "ग" म्हणजे न उकडलेलं केळं, दुहेरी मलमल. प्रत्येकी तीन. गॅलरीत एकाच फळीवर ठेवल्या, आणि एका गटाच्या तिन्ही शेजारी येऊ दिल्या नाहीत, कारण एका कोपऱ्यात ऊन येतं.

बरण्या मांडायच्या आधी त्याने अटकळ लिहिली (अनुस्वारताईंचा शब्द त्याने उचललाय). अंडी आधीच असतील तर ग मध्ये अळ्या, ख मध्ये नाहीत. मलमलमधून चिलटं जात असतील तर ख मध्येही. आपोआप होत असतील तर ख मध्येही. खाली तारीख घालून आजीची सही घेतली. आजीने चष्मा लावून पूर्ण वाचलं, मगच सही केली.

दूरदेशी

तीन-तीन बरण्या आणि आधी लिहिलेलं भाकीत! आमच्याकडे नवीन येणाऱ्यांना हे पटवायला महिने जातात.

कैरीची_फोड

नऊ दिवस झाले. वहीतून जसंच्या तसं.

क: ३ पैकी ३ मध्ये अळ्या. सहाव्या दिवशी मोजल्या तेव्हा १२, २१, ८.
ख: ३ पैकी ० मध्ये.
ग: ३ पैकी २ मध्ये. एकीत ५, एकीत १४, एकीत काहीच नाही.

ग मधली ती रिकामी बरणी बघून तो पुन्हा खट्टू झाला, पण या वेळी त्यानेच "०" लिहिलं आणि पुढे लिहिलं, "या केळ्यावर माशी बसली नसेल?" शेवटी प्रश्नचिन्ह.

आणि आता नवीन अडचण. ख च्या दोन बरण्यांत अळी नाही, पण केळ्यावर पांढरी कापसासारखी बुरशी आली आहे, मध्ये काळे ठिपके. बरणी उकळलेली, केळं उकडलेलं, माशी गेली नाही. सासूबाई म्हणाल्या, "ही तरी आपोआप झाली ना?" खोचकपणे नाही म्हणाल्या. खरंच विचारत होत्या.

प्रयोगवही

त्यांना माझा नमस्कार सांगा. युरोपही रेडीनंतर नेमका याच ठिकाणी दोनशे वर्षं अडकला होता. माशीचं कोडं सुटलं तसा वाद सूक्ष्मजीवांवर गेला, कारण त्यांची ये-जा दिसत नाही.

तुमची मलमल माशी अडवते, धूळ नाही. बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिची धुळीसारखी बारीक बीजं, हवेत तरंगत असतात. फ्रान्सच्या लुई पाश्चरने १८६० च्या आसपास काय केलं, तर काचेच्या चंबूची मान तापवून हंसाच्या मानेसारखी वाकवली. आतला रस उकळला. हवा येत-जात राहिली, पण धूळ वाकणात अडकली. रस नितळच राहिला. मान मोडली, किंवा चंबू कलता करून रस वाकणापर्यंत नेऊन परत आणला, की काही दिवसांत गढूळ. हाच तो उकळलेला रस, हीच ती हवा, फरक फक्त धुळीचा. विहीर, तुमची शंका या चंबूने फेडली.

मला याहून जास्त आवडतो त्याचा १८६० मधला प्रवास. उकळून बंद केलेले वीस-वीस चंबू घेऊन तो वेगवेगळ्या उंचीवर गेला. तिथली हवा क्षणभर आत घ्यायची आणि पुन्हा बंद करायचं. आर्ब्वा गावाजवळ वीसपैकी ८ बिघडले, जुरा डोंगरावर ५, आल्प्समध्ये हिमनदीपाशी १. बीजाणू सगळीकडे सारखे नसतात. तुमच्या मुलाची ती "०" ची बरणी या आकड्यांशेजारी ठेवा.

बुरशीच्या बरण्या आता घरात उघडू नका. तशाच कापडासकट साबणाच्या गरम पाण्यात बुडवा, मग रिकाम्या करा. हात नीट धुवा.

दूरदेशी

पाश्चरच्या गोष्टीत एक पान बऱ्याचदा गाळलं जातं. त्याचा विरोधक पूशे गवताचा काढा वापरायचा, आणि त्याचे काढे उकळूनही बिघडायचे. तो लबाड नव्हता. गवतावरच्या एका जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात, हे १८७६ मध्ये फर्डिनांड कोन यांनी दाखवलं. मग जॉन टिंडलने उपाय काढला की एकदाच फार वेळ उकळण्याऐवजी थांबून थांबून उकळायचं. मधल्या वेळात बीजाणू रुजतात आणि पुढच्या उकळीत मरतात. आपलं तापवलेलं दूध उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा तापवावं लागतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

विहीर

शंका फिटली. पण एक मोठी उरलीच. जिवापासूनच जीव, तर पहिला कुठून?

दूरदेशी

पाश्चरच्या चंबूचं उत्तर आजच्या पृथ्वीपुरतं आहे: चंबूत, थोड्या काळात, जीव आपोआप होत नाही. पहिला जीव झाला तेव्हाची, साडेतीन अब्ज वर्षांहूनही आधीची पृथ्वी वेगळी होती. हवेत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, आणि तयार झालेलं खाऊन टाकायला दुसरा जीवही नव्हता. स्टॅन्ली मिलरने १९५३ मध्ये शिकागोत पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन एका उपकरणात घालून विजेच्या ठिणग्या सोडल्या. आठवडाभरात अमिनो आम्लं मिळाली, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक. जीव मिळाला नाही. त्या दोन टोकांच्या मधली वाट अजून शोधली जातेय, माझ्या ओळखीचे लोक त्यावर रोज काम करतात.

प्रयोगवही

सासूबाईंच्या "दमट" या शब्दाकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष झालंय. ते त्यांचं निरीक्षण पक्कं आहे. ओल धरलेल्या धान्यात कीड झपाट्याने वाढते, कडकडीत वाळवलेल्यात फारशी नाही. म्हणून तर वाळवण. ओल किडीला जन्म देत नाही, तिला वाढू देते. पोषक परिस्थिती वेगळी आणि उगम वेगळा, आठवीतल्या मुलाला हे एवढं कळलं तरी वर्ष सार्थकी लागलं. मुगाला एरंडेल चोळायची रीतही अशीच पारखून घेतलेली: तेलाच्या थरात भुंगेऱ्याची अंडी मरतात.

ताई, तो पहिला मुगाचा डबा टाकून दिलात का?

कैरीची_फोड

नाही, गच्चीवर उन्हात टाकलेत मूग.

प्रयोगवही

मग भिंग घेऊन बसा. मुगाचा भुंगेरा अंडं दाण्याच्या आत नाही, वर चिकटवतो. बारीक पांढरा ठिपका दिसेल.

कैरीची_फोड

दिसले! परातीत मूग पसरून आम्ही तिघं बसलो होतो. सासूबाईंनाच आधी दिसले. म्हणाल्या, "हे तर मी इतकी वर्षं चुन्याचे डाग समजून फडक्याने पुसत आले." पुसून निघत नाहीत, घट्ट असतात. नखाने खरवडल्यावर एका ठिपक्याखाली सुईच्या टोकाएवढं भोक होतं.

मुलाने ठिपकेवाले पन्नास मूग मोजून एका बाटलीत भरले, मलमल बांधली आणि उठायला लागला. सासूबाईंनी त्याचा हात धरून खाली बसवलं. "अरे, पन्नास बिनठिपक्यांचेही भर ना दुसऱ्या बाटलीत. नाहीतर कळायचं कसं?"

दोन्ही बाटल्या आज फडताळात ठेवल्या आहेत. चिठ्ठीवर तारीख आहे, अटकळ आहे, आणि या वेळी सही नातवाची.